दीड ओळ

शाळेच्या इतिहासात तिच्या वाट्याला दीड ओळ आली आहे:
थॉमसिन पेंगेली, आधी रुग्णघरात वैद्यीण,
नंतर तीन वर्षं मुख्याध्यापिका.
तिथून लगेच नव्या घंटेचं वजन सुरू होतं,
पौंडांत, औंसांत, सविस्तर.

मी इथला दप्तरदार.
कॉर्नवॉलच्या या कड्यावर खारा वारा आणि कसर
यांच्या तावडीतून जुनी बाडं उतरवून काढतो.
जादू मला येते ती एवढीच, की फुंकरीशिवाय शाई वाळते.

तिची वही सापडली औषधांच्या कपाटात,
जळवांच्या बरणीमागे.

"ताप. चौदा मुलं. विलोची साल, मध,
आणि रात्रभर कोणीतरी उशाशी.
शेवटचं औषध संपलंय. मीच बसते."

"पोटदुखी. उद्या वाऱ्याची तोंडी परीक्षा.
ताप नाही. आहे असं लिहिलं."

त्या हिवाळ्यात मुख्याध्यापक धुक्यात फिरायला गेले
ते आलेच नाहीत.
सात गुरुजी जमले. एकाचे गुडघे, एकाचा ग्रंथ,
एकाची दुर्बीण ऐन मोक्यावर होती.
कोपऱ्यात ती कुणाच्या तरी कोपराला पट्टी बांधत होती,
प्रश्न न ऐकताच म्हणाली, "हं."
तोच होकार धरला गेला.

आणि मग पास्को नान्स.
माउझलच्या कोळ्याचा पोर, वय अकरा,
जिन्यावरून पडला. तो धड, छडी दोन तुकडे.
नियम जुना होता: छडी मोडली की दुसऱ्या दिवशी
पहाटेच्या गाडीने घरी.
गुरुजी म्हणाले, बाई, हाड सांधतं ते जिवंत असतं म्हणून.
"बरं," म्हणाली, "मग आधी तेच बघू."
तुकडे एकेक करून कानाशी धरले. बराच वेळ.
काय ऐकलं ते वहीत नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर दुसरी एक छडी होती,
मारायची, वेताची, शंभर वर्षं तेल पिऊन गुळगुळीत.
ती तिने उभी चिरली
आणि मोडक्या छडीला दोन्ही बाजूंनी बांधली,
मेणदोऱ्याने, अकरा वेढे.
पलंग क्रमांक चार. पांघरूण. सहा आठवडे.
मुलाला सांगितलं, रात्री हिच्याशी बोलत जा,
काहीही चालेल, मासळीचे भावसुद्धा.

छडी सांधली. थोडी वाकडी.
त्यानंतर पास्कोचा प्रत्येक मंत्र वीतभर डावीकडे जायचा.
मेणबत्ती पेटव म्हटलं तर
पलीकडचं परीक्षकांचं लोणी वितळायचं.
गुरुजी लोण्यावरून पत्रं लिहीत राहिले. ती सगळी जपून ठेवलेली आहेत,
क्रमवार, फीत बांधून.

भिंतीवर खिळा उरला. त्यावर ती आपला ओला अंगरखा टांगायची.

तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, सह्यांच्या रजिस्टरात एवढंच:
"सात नंबरला घटसर्प आहे. इथली सही
दुसऱ्या कुणीतरी करा."
ती खाली गेली, पुन्हा वर आली नाही.
सात नंबरचं मूल जगलं का, ते मी तीन दिवस शोधलं.
त्या आठवड्याचं पान ओलीने चिकटलंय.
उचकटलं तर दोन्ही पानं जातील.
मी उचकटलं नाही.

मला भर घालायची परवानगी नाही, फक्त नक्कल करायची.
म्हणून दीड ओळ लिहिली, घंटेचं वजन लिहिलं,
शाई वाळवली.

पण परीक्षेच्या दालनात आजही
मेणबत्ती उमेदवाराच्या समोर ठेवत नाहीत,
वीतभर डावीकडे सरकवून ठेवतात.
का, कुणाला विचारलं तर
नवे मास्तर सांगतात, खिडकीतून वारा येतो ना.
खिडकी तर केव्हाच बुजवली.