बंद इंजिनाची रात्र

मानकापुरातल्या आमच्या घरात आज कूलर अडला आहे.
वाळ्याच्या ताट्या करकरीत सुकल्या, पंपात गाळ,
आणि हे स्टुलावर चढून, चष्मा कपाळावर,
पान्यानं त्याच्या पोटात काहीतरी चाचपून राहिले.
बाहेर सत्तेचाळीस.
शेजारच्या परातेबाई जाळीतून विचारतात,
"मग, कसं झालं जहाज?"

काय सांगू बाई.
जहाज झालं, पण चाललं नाही.

पोरीनं तिकिटं काढली, लग्नाच्या चाळीसाव्या वाढदिवसाची.
समुद्र मी पाहिला नव्हता. फुटाळ्याचं पाणी पाहिलेलं,
तेही उन्हाळ्यात, उतरलेलं.
बंदरात जहाज उंच, पांढरंशुभ्र.
जवळ गेल्यावर दिसलं, नवं नाव जुन्या नावावर रंगवलेलं,
खालचं एक अक्षर
रंगातून फोडासारखं वर आलेलं.

यांनी चढताना कठडा धरला,
डॉक्टर मनगट धरतो तसा.
"वय झालं हिचं," म्हणाले.
कोराडीला चौतीस वर्षं टर्बाइनच्या पाळ्या केलेला माणूस,
त्याला कोणी सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी लिफ्ट गेली.
दुसऱ्या सकाळी नळाला तांबडं पाणी आलं, मग आलंच नाही.
पोहण्याच्या हौदावर जाळं टाकलं.
संध्याकाळी नाचणाऱ्या मुली पायऱ्यांवर बसून
जेवणाच्या यादीनं वारा घेत होत्या.
दर तासाला एक गोड आवाज सांगे:
किरकोळ तांत्रिक अडचण आहे, आपण आनंद घ्यावा.
सुरतचे एक गृहस्थ अर्धा तास
भिंतीवरच्या त्या भोंग्याशी भांडले.

आणि हे?
खोलीच्या भिंतीला कान लावून बसलेले.
"ऐक. डावीकडचं बेअरिंग गेलं.
आता उजवं एकटंच दोघांचं ओढून राहिलं."
मला काय ऐकू येणार! मला भूक लागली होती.

रात्री अडीचला सगळं थांबलं.
हे ताडकन उठून बसले.
क्वार्टरमध्ये असंच व्हायचं. संच बंद पडला
की पोरांच्या आधी, माझ्या आधी हे जागे,
आवाजानं नव्हे, आवाज गेल्यानं.
बनियनवर शर्ट चढवला, चिवड्याचा डबा काखेत मारला
आणि खाली गेले,
जिथं जायची मनाई लिहिली होती.

मी वर गेले.
एवढ्या लोखंडाखाली पाणी काय करतं
ते मला तेव्हा ऐकू आलं.
चाटत होतं.
म्हैस वगारीला चाटते तसं, काही घाई नसलेलं.
काळोखाला कुठंच काठ नव्हता.
मी चपला काढल्या. का, ते माहीत नाही.
चाळीस वर्षांत इतका वेळ
मला कोणी हाक मारली नव्हती.

पहाटे हे आले, कोपरापर्यंत काळे.
खाली एक पोट्टा होता म्हणे, चितगावकडचा, तोफज्जल,
ना याची भाषा त्याला, ना त्याची याला,
पण पाना सगळे एकसारखाच मागतात, हात पुढे करून.
चिवडा त्यानं पार संपवला.
"आणि इंजिन?"
"ते नाही झालं. ते आता होत नसते."
आणि हसले.
निवृत्तीच्या फोटोत गळ्यात तीन हार आहेत,
त्यात असे हसलेले नाहीत.

माझं रात्रीचं मी सांगितलं नाही.
यांनी विचारलंही नाही.

मग एक छोटी, काळी बोट आली
आणि एवढं मोठं जहाज दोरानं ओढत परत घेऊन गेली.
कंपनीनं कूपन दिलं, पुढल्या सफरीला तीस टक्के सूट,
डिसेंबरपर्यंत.
गॅसच्या पुस्तकात ठेवलं आहे.

"अवं, दाब बटन!" हे वरून ओरडतात.
दाबते. कूलर घरघरतो,
ताटीतून एक थेंब माझ्या मनगटावर पडतो,
आणि पुन्हा बंद.
हे आधीच कान लावून, डोळे मिटून.
परातेबाई अजून जाळीपाशी उभ्या.

"चांगलं झालं," मी म्हणते.
"पाणी चांगलं होतं."