रिकाम्या फरशीवर

केमीत डिसेंबरचा दिवस दोनच्या आत मिटतो.
ताइस्तोमामा कॉफी ओततो आणि विसरतो.
कागदाची गिरणी बंद पडल्यापासून
त्याची रात्रपाळी इथेच,
माझ्या शेजारच्या खुर्चीत.

"घाई नको, पिह्ला. एकट्यादुकट्यावर
बाणांची सर सोडू नये.
निळी बाटली रिकामी होते,
हसं होतं ते वेगळंच.
आधी चिडव त्यांना. पळ.
दारातून मागे मागे सर,
येऊ दे सगळे एका बोळात."

मी पळते. मागे सांगाडे, लांडगे,
कुठून कुठून जमलेले.
वळून सोडते, तर बाण पडतात
ते गेलेल्यांच्या पाऊलखुणांवर.
मरते. पुन्हा फाटकापासून सुरुवात.

"त्यांच्यावर नको गं.
बाण खाली यायला एक श्वास लागतो.
ते जिथे येणार आहेत
तिथल्या रिकाम्या फरशीवर धर."

रिकाम्या फरशीवर नेम धरणं
बोटांना पटत नाही.
तरी धरते.
आभाळ उसवतं, आणि बरोब्बर त्याखाली
सगळे येऊन उभे.

मामा हसत नाही. पडद्याकडे बघत म्हणतो,
"आम्ही चारशे जण होतो.
एकाच फाटकातून आत जायचो."

मग गार कॉफीचा घोट,
आणि पुढच्या दाराकडे बोट:
तिथे एकटाच बसलाय,
शिंगांचा, अवाढव्य, जांभया देत.

"याला मात्र एकेक बाण.
याच्यावर सर फुकट.
आणि दम धर,
हा उठून येत नसतो."