आवाज किती?

जुन्या मिक्सरचा तिसरा आकडा कधीच गेला होता.
दुसऱ्यावर तो ओरडायचा, पहिल्यावर कण्हायचा,
आणि चटणीच्या भांड्याखालून काळं पाणी गळायला लागलं
तेव्हा नाक्यावरचा वाघमोडे म्हणाला,
वहिनी, दोनदा कॉइल बांधली.
तिसऱ्यांदाही बांधेन,
पण पैसे घेताना मलाच लाज वाटेल.

म्हणून लोहार चाळ.
पिशवीत यादी नव्हती, डबा होता.
डब्यात ओल्या खोबऱ्याचे तुकडे, दोन मिरच्या,
मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ.

हंसराज गालांच्या दुकानात सगळे फळीवर उभे,
शाळेच्या फोटोसाठी केस विंचरून आल्यासारखे:
लाल किटली, टोस्टर,
अंडी उकडायची प्लास्टिकची कोंबडी,
आणि भाजी चिरायचं एक यंत्र,
ज्याचे भाग धुवायला वेगळी बाई ठेवावी लागेल.
फोनवर मोरेश्वर म्हणाला, एअर फ्रायर बघ ना.
म्हटलं, बघितला.
तो ओट्यावर आला तर तू गॅलरीत झोपशील.
आपल्याकडे जागा एक वीत चार बोटं,
आणि प्लग एकच, तोही फ्रिजच्या पाठीमागे.

दुकानातला पोरगा वॅट सांगत होता.
साडेसातशे घ्या. हजार घ्या.
दगड टाका, पीठ करेल.
दगड आम्ही वेचून टाकतो, मी म्हटलं.
आवाज किती?

त्याने रिकामं भांडं फिरवून दाखवलं.
रिकाम्या भांड्याला काय, कुणीही गोड बोलतं.
मी डबा उघडला.

गालाशेठ गल्ल्यावरून उठून आले.
दुकानात नारळ आजवर पूजेलाच आला होता.
मग मला सांगावं लागलं,
कन्नमवार नगर, तिसरा मजला,
आणि खाली दुसऱ्यावर फिलोमिना डाबरे.
रात्रपाळीची नर्स.
बाहेरच्या खोलीत तिचा ठार बहिरा सासरा
टीव्ही लावून बसतो,
म्हणून ती स्वयंपाकघरात गादी टाकते,
बरोबर माझ्या ओट्याच्या खाली.
नऊ वर्षांत एकदा वर येऊन बोलली नाही.
न केलेली तक्रार
मला रोज वाटण वाटताना ऐकू यायची.
मिक्सरखाली घडी घातलेला टॉवेल ठेवायचे,
तरी.

पहिला सुरू झाला तसा टोस्टर बघणारा माणूस दचकला.
दुसरा मध्येच थांबायचा, काहीतरी आठवल्यासारखा.
तिसरा पाचशे वॅटचा, रंगाने मळकट पांढरा,
सावकाश, घशातल्या घशात.
चटणी जाडसर झाली.
पोरग्याने, शेठने, टोस्टरवाल्याने
बोटाच्या टोकावर घेऊन चाखली.
मीठ नाही, शेठ म्हणाले.
मीठ घरी, मी म्हटलं,
आणि अठराशे नव्वदचे अठराशे दिले.

आठ दिवस मी हळू वाटलं.
इडलीचं पीठ तीन वेळा करून,
मध्ये मोटरीला पाच मिनिटं विसावा देऊन.
स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

नवव्या दिवशी बेल वाजली.
फिलोमिना, विस्कटलेले केस, हातात नेसायचा राहिलेला युनिफॉर्म.
मिक्सर बिघडला काय तुझा?
दोनदा उशीर झाला मला, मेट्रन बोलली.
मी म्हटलं, मोबाइलचा गजर लाव ना.
तो मी झोपेत बंद करते, ती म्हणाली,
तुझा मिक्सर कसा बंद करणार?

मी काही बोलले नाही.
चहा टाकला. ती उभ्यानेच प्यायली
आणि नव्या मिक्सरकडे असं बघत राहिली
जसं वॉर्डातल्या
फारच शांत पडलेल्या पेशंटकडे बघत असेल.

आता संध्याकाळचे पाच वाजले
की मी टॉवेल काढून घेते.
मोकळ्या कडाप्प्यावर त्याला ठेवते, वरच्या आकड्यावर,
खोबरं असलं तर खोबरं,
नसलं तर भांड्यात स्टीलचा चमचा.