तेरावा महिना

फोटोत दात दिसता कामा नयेत.
कान दिसले पाहिजेत, दोन्ही.
मागे पांढरं, आणि पांढरं म्हणजे पांढरंच,
माझ्या भिंतीसारखं चहा सांडलेलं नव्हे,
म्हणून मी चादर टांगतो.
बायको ती दर शनिवारी नीळ घालून धुते.

आदिस अबाबात, सिद्दिस्त किलोच्या चढावर दुकान.
एकवीस वर्षं माणसांना सांगतोय, हसू नका.
बरीचशी गेली.

तिर्सित आली ती फॉर्म घेऊनच.
"गाशे, आडनाव काय लिहू?"
आमच्यात आडनाव नसतं.
ती तिर्सित, तिचा बाप झेलेके, त्याचा बाप आबाते,
तिन्ही आपापली नावं,
एकामागे एक, रांगेत उभी असल्यासारखी.
मी म्हटलं, आजोबाला कर आडनाव.
आबाते जन्मभर वल्लोच्या डोंगरातून हलला नाही,
आता परक्या विमानतळावर
त्याच्या नावाचा पुकारा होईल.

मग जन्मतारीख.
पागुमेची तीन, अठ्ठ्याण्णव साल.
फॉर्मात महिने बाराच.
आमचा तेरावा, पाच दिवसांचा, कधी सहा,
वर्षाच्या खिशात उरलेली चिल्लर,
त्यांच्या यादीत कुठे बसायचा?
मी तक्ता काढला, बोटं मोजली.
आठ सप्टेंबर, दोन हजार सहा.
साल आठाने वाढलं. वय तेवढंच.

झेलेके सत्त्याहत्तरच्या दुष्काळातला,
सहा वर्षांचा असताना चालत आलेला.
दुष्काळात तेरावा महिना नको, म्हणतात लोक.
त्याला तेराव्या महिन्यात लेक झाली
तेव्हा त्याने गल्लीभर कॉफी पाजली होती.
मीही प्यायलो होतो, तीन पेले, उभ्यानेच.

बँकेच्या कागदावर पैसे हवेत, भरपूर, आणि जुने.
तिची आई वोर्कनेश इंजेरा विकते.
भिशीतल्या अकरा बायकांनी आपापल्या पाळ्या सोडल्या,
वोर्कनेशच्या खात्यात सहा महिने रक्कम झोपवून ठेवली.
कुणी तिला हात लावला नाही,
कुणाच्या तरी बाळंतपणातसुद्धा नाही.

शिकायचं काय, तर जहाजं बांधायची.
पोलंडमध्ये, ग्दान्स्कला.
मी कॅमेऱ्यामागून बाहेर आलो.
"पोरी, समुद्र पाहिलायस?"
"नाही. पण गाशे, तुम्ही तरी कुठे पाहिलाय?"
यावर काय बोलणार. हसू नको म्हटलं, बटण दाबलं.

खिडकीपलीकडच्या बाईनेही तेच विचारलं.
तुमच्या देशाला समुद्र नाही.
परत येऊन काय करणार?
तिर्सितने तानाचं सरोवर सांगितलं,
लव्हाळ्याच्या होड्या सांगितल्या,
दोन हंगामांत कुजतात, बुडतात, ते सांगितलं.
बाई टाइप करत राहिली.
तिर्सितला वाटलं, एवढं टाइप करतेय
म्हणजे पटलं असणार.

पत्रात नऊ चौकोन होते, एकात खूण.
परत येण्याचा हेतू शंकास्पद.

झेलेकेने ते मला वाचायला लावलं, दोनदा.
मग विचारलं, हेतू कुठे मिळतो?
म्हणजे कुठल्या कचेरीत,
शिक्का कोण मारतं?
तो थट्टा करत नव्हता.

सात महिन्यांनी ती पुन्हा आली.
जुना फोटो चालत नाही, सहा महिन्यांचाच लागतो.
मी चादर टांगली.
केस मागे घे म्हटलं, तर म्हणाली, माहितीये.
या खेपेला तिच्याकडे नकाशा होता,
रेनेसाँ धरणामागे साचलेल्या पाण्याचा,
शहराएवढं निळं, आणि त्यावर एकही बोट नाही.
"हे दाखवणार," म्हणाली. "बघू दे तिला."

चार प्रतींचे पैसे मी घेतले नाहीत, असं नाही.
घेतले. धंदा आहे.
फक्त भिशीत आता बारावं नाव माझं आहे
आणि या महिन्याची पाळीही माझीच होती.
नवा फ्लॅश पुढच्या वर्षी बघू.

ती पायरी उतरली तेव्हा मागून ओरडलो,
पत्रातले आठ म्हणजे आपले दोन!
उजाडल्यावरचे दोन, दुपारचे आठ नव्हे!
तिने न वळता हात वर केला.
तिला ठाऊकच होतं.