लाल दिवा

तोंग्यॉंगच्या धक्क्यावर पहाटे चार वाजता
मी व्हॅनचा हीटर चालू ठेवतो.
माझं काम एवढंच : गाडी, गरम पाणी आणि गप्प राहणं.
तेरा वर्षं झाली.

मागच्या सीटवर ती आपले संवाद पुटपुटतेय.
आरशात फक्त ओठ दिसतात.
तेव्हा तिचं नाव नोवी होतं, कंपनीनं चिकटवलेलं,
ओलं झालं की कडेनं सुटणारं.
आता पाटीवर खरं नाव असतं, यॉम छे-ओक,
आणि लोक विचारतात, ही कोण?

पाचजणी असायच्या या गाडीत.
सोमवारी वजन व्हायचं.
रविवारी रात्री कुणी पाणीसुद्धा मागायचं नाही.
(एक आता इंचनला बायकांची नखं रंगवते.
दोघींची लग्नं झाली. एकीचा फोन लागत नाही.)

त्या काळात एकच गोष्ट घोटून घेतलेली :
नऊ कॅमेऱ्यांपैकी ज्याच्या डोक्यावर लाल दिवा लागेल
त्याच्याकडे बघायचं.
गिरकीत, मुरगळलेल्या घोट्यावर,
बाप गेल्याचं कळून तास झालेला असताना.
मान आपोआप वळायची.
सूर्यफुलासारखी, असं मी म्हणणार नाही.
सूर्यफुलावर कुणी खेकसत नाही.

आता सांगतात, कॅमेरा नाहीच असं समज.
ती समजते. मान समजत नाही.
पहिल्या मालिकेत साध्या दार उघडण्याला बावीस टेक.
मग एका सिनेमात प्रेत झाली,
थंडगार फरशीवर, श्वास रोखून.
ते काम सगळ्यांना आवडलं.
त्या रात्री गाडीत हसली होती पोट धरून,
आणि मग बराच वेळ नाही.

रडण्याचंही तेच.
पाच, सहा, सात, आठ,
आणि बरोबर समेवर थेंब.
दिग्दर्शिका कपाळावर हात मारून म्हणाली,
"फार वेळेवर रडतेस गं तू."

आज ती कालवं सोलणारी बाई आहे.
शेडमध्ये खऱ्या बायका बसल्यात,
रबरी मोजे, गुडघ्यापर्यंत बूट, शिंपल्यांचे ढीग.
चौऱ्याहत्तर वर्षांच्या कुत्सुनबाईंनी
तिच्या मुठीकडे पाहिलं नि म्हणाल्या,
"अगं, सुरी आहे ती. माईक नव्हे."
अख्खी शेड खिदळली.
मग त्यांनीच तिची बोटं एकेक सोडवली,
पुन्हा मिटवली, जरा खाली,
अंगठा शिंपल्याच्या बिजागरीशी.

प्रसंगात तिला गुणगुणायचंय, बेसूर.
तीन टेक गळा ऐकेना,
भटकवला तरी सुरावर परत येई, पाळीव.
चौथ्यात सुरी घसरली.
मोजा फाटला, लाल झाला,
तिनं आजोळच्या बोलीत एक शिवी हासडली
आणि हात न थांबवता गुणगुणत राहिली,
कुठलंच गाणं नसलेलं काहीतरी.

मी कॅमेऱ्याकडे बघत होतो.
दिवा लागलाय की नाही,
तेरा वर्षांची सवय.
ती कालवाकडे बघत होती.

नंतर म्हणाली, "अजोशी, चिकटपट्टी आहे का?"
बायकांनी कालवाचं सूप वाढलं, वर भात.
तिनं दुसरा वाडगा मागितला.
सोमवार होता.

परतताना जिंजूच्या अलीकडे सिग्नल लागला.
आरशात पाहिलं :
तोंड उघडं टाकून झोपलेली,
मान भलतीकडेच.