पाठ टेकायचं पाकीट

मेकअपला माझ्याकडे यायचा एम्रिस प्रॉसर,
वेल्समधल्या मर्थरचा, खाणवाल्यांच्या चाळीतला.
त्याच्या चेहऱ्यावर मला कामच नसायचं :
नाक तीनदा मोडलेलं, भुवई शिवलेली,
डावा कान उकडलेल्या बटाट्यासारखा.
नुसती पावडर, दिव्याखाली टक्कल चकाकू नये म्हणून.

तुरुंगाचा पहारेकरी. गुत्त्यातला गुंड.
दीड वाक्य, एक धक्का,
मग निम्म्या वजनाच्या नायकाचा ठोसा
आणि खडूच्या खुणेवर पडायचं.

"चौऱ्याहत्तर लढती," तो आरशाला सांगायचा,
"एकदाही पाठ टेकली नाही.
आता टेकायचंच पाकीट मिळतं, दर शुक्रवारी."

त्या दिवशी सातवा टेक.
पडला. छान पडला, गाल फरशीला.
कॅमेरा नायकाच्या डोळ्यांवर सरकत होता,
सेटवर चिडीचूप,
आणि एम्रिस उठला.
मुठी वर, हनुवटी छातीत,
नजर आमच्यातल्या कुणावरच नाही.
नायक दोन पावलं मागे.

रीळ वाया गेलं. आरडाओरडा झाला.
मी त्याचा गाल पुसत होते,
धूळ निघाली, खालची लाली निघेना.
"चुकलंच," तो पुटपुटला.
"पडल्या पडल्या आकडे मोजत होतो गं.
आठ झाले."