दोन्ही हात हँडलवर

टिळक रोडपासून आत, कुकरचे सुटे भाग मिळतात
त्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
खाजगीवाले बाई फळ्यावर एक रेघ काढतात.
रेघ चढते, सपाट होते, टोकाला जाते, उतरते.
"माणसाचं शरीर असं चालतं, असं बरीच वर्षं मानलं गेलं."

श्रीरंग लगेच ओळखतो : वेताळ टेकडी.
रोज सकाळी चढ, पठार, देऊळ, उतार,
चाळीस मिनिटं, घड्याळात पावलं मोजलेली.
मी त्या रेघेच्या पायथ्याशी
चपला हातात धरून उभी आहे,
अकरा वर्षं.

बाई रेघ पुसत नाहीत. शेजारी गोल काढतात.
ओढ नेहमी आधीच येते असं नाही, म्हणतात.
कधी ती उशिरा येते,
गाणं सुरू झाल्यावर मागच्या दाराने येऊन
सतरंजीच्या कडेला टेकणाऱ्या पाहुणीसारखी,
आणि मग तीच शेवटी उठायला तयार नसते.
"गोलात कुठूनही शिरता येतं."
मी वहीत उतरवून घेते. सोळा वर्षं बँकेत आहे,
सगळं उतरवून घेते.

मग अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक.
प्रत्येकात दोन्ही असतात,
कुणाचा हा कडक, कुणाचा तो.
हे मला फळ्याशिवाय कळतं.
कॉलेजपासून दुचाकीवर आहे मी,
नळ स्टॉपला एक पाय टेकवून अर्धं आयुष्य गेलं.
ब्रेक दाबलेला असताना मूठ कितीही पिळा,
गाडी नुसती ओरडते.

घरचा अभ्यास : आपापले ब्रेक लिहून आणा.
मी लिहिलं :
भिंतीपलीकडे सासरे रेडिओ बंद करतात तो खट्ट.
इन्व्हर्टरची शिटी.
कौमुदीच्या दाराची फट.
पोटावरचा टाक्यांचा व्रण, आणि तो झाकणारा माझाच हात.
तेराव्या वर्षी आत्या म्हणाली होती, नीट बस.
दोनच शब्द. अजून नीट बसलेली आहे मी,
आडवी झाले तरी.
आणि शेवटी, खोडून पुन्हा लिहिलेलं :
त्या वेळी मी अंगात नसतेच.
पंख्याच्या पात्यावर बसून खाली बघते,
बरं चाललंय का, किती वेळ राहिला,
मार्क किती द्यायचे.

श्रीरंगच्या कागदावर एकच ओळ.
"मीही पंख्यावरच असतो."

म्हणजे खाली पलंगावर कोणी नसायचंच.
आणि वर इतकी वर्षं आम्ही
शेजारच्या पात्यांवर,
एकमेकांना न दिसता.

तीन आठवडे बंदी. फक्त हात, कोपरापर्यंत.
पुढे जायचं नाही, पोचायचं कुठेच नाही.
पहिल्या दिवशी हसू आलं. दुसऱ्या दिवशी तो घोरला.
तिसऱ्या दिवशी भांडण, गॅसच्या नंबरावरून.
पाचव्या रात्री, खाली कुणाची तरी गाडी
मागे घेताना वाजत होती,
त्याचं बोट मनगटाजवळ थांबलं, भाजल्याच्या डागावर.
"हे कधीचं?"
"अनारशांचं तूप. लग्नाआधी."
"मला कधी दिसलंच नाही."
त्याने बोट तसंच राहू दिलं.
पुस्तक मिटताना पान हरवू नये म्हणून
ठेवतो तसं.
मी बोलत राहिले, कढई, आई, बादलीतलं पाणी,
आणि मध्येच लक्षात आलं,
पंखा नुसता फिरतोय.
वर कोणी नाही.

सोमवारी बाईंनी विचारलं, काय झालं?
"काही नाही," दोघं एकदम म्हणालो,
आणि खाली दुकानात नेमकी तेव्हाच
कुणीतरी शिटी तपासून बघत होतं.
बाई फळ्याकडे वळल्या. बराच वेळ वळलेल्याच.

परतताना गाडी मी घेतली.
म्हात्रे पुलावर वारा होता.
मागे बसून हात कुठे ठेवावा
हे त्याला ठरवता येईना.
मी काही सुचवलं नाही.